नटाला ‘अहो’ म्हणणारा

शिळफाट्यावरचा तो मेकॅनिक माणसांना सरसकट अरे-तुरे करायचा, पण गंजलेल्या नटाला मात्र ‘अहो’ म्हणायचा.

माझ्या पुतण्याचं वऱ्हाड मोटारीने खालापूरहून कर्जतला निघालं, तेव्हा माझ्या यादीत अक्षतांपासून जादा ट्यूबपर्यंत सगळं होतं. शिळफाट्यावर मोडली ती नेमकी इंजिनाची पुढची, पट्टा फिरवणारी पुली. मुहूर्ताला दोनच तास होते. त्या मेकॅनिककडे जुनी पुली होती, पण मोडकी निघेना. तिच्यावरचा मोठा नट पाना लावून पिळला की सोबत अख्खं इंजिनच फिरे.

“अवो, रुसू नका,” तो नटाला म्हणाला. मग पान्याचा दांडा गाडीच्या चासीला टेकवून त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. “ढकला रं! नवरदेवा, तू पन उतर!”

“अहो, मुंडावळ्या बांधल्यात त्याला!” वहिनी ओरडल्या.

“कपाळाला बांधल्यात. हात तर मोकळं हाइत!”

सोबत आणलेली वाजंत्री वाजू लागली, बायका हसत सुटल्या. आम्ही ढकललं तशी चाकांनी इंजिन फिरवलं, पान्याने नट धरून ठेवला. काड्कन नट सुटला! वहिनींनी त्या नटावरच अक्षता टाकल्या.

दुसरी पुली बसवताना तो नटाच्या आट्यांना सावकाश ग्रीस चोपडत राहिला. मी घाई केली.

“थांब रं,” तो म्हणाला. “दर वेळी ह्यांच्यासाठी नवरदेव कुठून आनू?”

मंगलाष्टकांना आम्ही वेळेत पोचलो. तेव्हापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं, तर मीही आधी ‘अहो’ म्हणून पाहतो.