गिरजाआत्याची फुटकी चूल

गिरजाआत्या गेल्याचा फोन आला, आणि त्याच फोनवर शेजारीण म्हणाली की तिची फुटकी चूल नीट करायला धर्मशाळेच्या मालकांनी मिस्त्री पाठवलाय. मी आधी रडायला हवं होतं... पण तोंडून निघालं, त्याला चुलीला हात लावू देऊ नका. भंडाऱ्याहून अड्याळला पोचेपर्यंत माझा जीव रागानेच धुमसत होता.

रस्त्याकडेची ती धर्मशाळा मालकांच्या आजोबांनी बैलगाड्यांच्या काळात वाटसरूंसाठी बांधली. एसटी आली, वाटसरू थांबेनासे झाले, आणि खोल्यांमध्ये विणकर, मजूर, आत्यासारख्या एकट्या बायका संसार मांडून बसल्या. जुनी एक रीत मात्र राहिली. खोली सोडणाऱ्याने चूल सारवून जायचं. मागून येणाऱ्याला उष्टी चूल मिळू नये.

मालकांना तिथे दुकानं काढायची होती. आत्या हटेना. रोवणीच्या दिवसांत ती धानाच्या बांधीत कामाला गेली असताना ते आले आणि लाथेने तिची चूल फोडून गेले. आत्याने शिव्या दिल्या नाहीत, चूलही पुन्हा घातली नाही. शेजारी विटा मांडून रांधू लागली, आणि येईल त्याला त्या फुटक्या चुलीसमोर बसवून चहा देऊ लागली. विचारलं की शांतपणे मालकांचं नाव सांगायची. धर्मशाळेत कुणाकडे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही सोडलं नाही. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

पुढे मालक सरपंचपदाला उभे राहिले आणि हात जोडून दारात आले. आत्याने शेणमातीचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं.

"चूल फोडून गेले, सारवून नाही गेले. रीत तुमच्याच आज्याची हाय. सारवा, मंग मत मांगा."

"मिस्त्री लावून देतो ना, बाई."

"फोडाले मिस्त्री आनला होता काय?"

अख्खी धर्मशाळा दारांत उभी होती. पांढरे कपडे सांभाळत ते निघून गेले, आणि निवडणूक हरले. चुलीमुळेच हरले असं मी आजही मानते.

तेरवीला ते आले. झालं गेलं विसरून जा म्हणाले. मी त्यांना त्याच फुटक्या चुलीसमोर बसवलं, चहा दिला, घमेलं पुढे सरकवलं. ते कप अर्धा ठेवून उठले.

शेजारीण म्हणते, आता पुरे कर. आत्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी जाते, झाडते, घमेल्यातली वाळलेली माती पुन्हा भिजवते. आत्या चूल न सारवताच गेली... ते काम तिचं नव्हतं.