साफ केलेली तोडी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताला नातीच्या ड्रेसचं कापड घेत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी दुकानदाराला "एक मिनिट हं" म्हणून बाहेर आलो आणि तसाच चालत परळला मध्याच्या घरी पोचलो. कापड तिथेच राहिलं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मध्याबद्दल लिहा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. मी टाळत होतो. त्याच्याबद्दल लिहायचं तर मी केलेली एक गोष्टही लिहावी लागणार… आणि ती अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मध्या म्हणजे मधुकर, परळच्या चाळीत, बौद्ध कुटुंबात वाढला. वडील गिरणीत, हा सरकारी खात्यात कारकून. मी गिरगावातला, बँकेत चिकटलेला. आमची गाठ पडली दादरच्या एका हॉलबाहेर. आतली तिकिटं केव्हाच संपली होती आणि आमच्यासारखी शंभरेक माणसं आवारात कर्ण्याखाली उभी होती. माझ्या शेजारी एक सडपातळ माणूस कापडी पिशवी छातीशी धरून, डोळे मिटून उभा होता. मारवा ऐन रंगात आला आणि मला सणसणीत शिंक आली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला दुसरी शिंक आलीच नाही. पिशवीत टेपरेकॉर्डर चालू होता! पुढची चाळीस वर्षं तो माझी ओळख "आमच्या मारव्यात शिंकले ते हेच" अशी करून द्यायचा. मैफिलींत कुणीतरी त्याला हमखास विचारायचं, तुमच्याकडे हे गाण्याचं वेड कुठून आलं हो? त्या 'तुमच्याकडे'चा अर्थ त्याला बरोबर कळायचा. तो शांतपणे म्हणायचा, "रेडिओ थेट घरात आला. आत येताना त्याने कुणाला विचारलं नाही."

त्याच्या कॅसेटी म्हणजे काही दुकानातला माल नव्हता. रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत आली ती फार पुढे. त्याआधी सकाळी वंदना झाली की मध्या रेडिओ लावायचा, त्याच्यासमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि बटण दाबून बाजूला उभा राहायचा. वायर-बियर काही नाही. रेडिओतून येईल ते आणि खोलीत होईल ते, दोन्ही एकाच कॅसेटमध्ये जायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सकाळी काय काय होत असतं! स्टोव्हला पंप मारणं, नळाखाली कळशी, गॅलरीतून पळणारी पोरं, गिरणीचा भोंगा. आणि सुमनवहिनी. वहिनी गाणं चालू असताना दबकून वावरायच्या, पण त्यांना मुलीची शाळा, सासूबाईंचं औषध आणि नवऱ्याचा डबा हे सगळं आठच्या आत उरकायचं असायचं. त्यामुळे मध्याच्या संग्रहातल्या बहुतेक सकाळच्या रागांत त्यांच्या बांगड्या वाजतात. मध्या तेव्हा वैतागायचा. "तबलजी एक आणि बांगड्या चार," म्हणायचा. वहिनी हसून मला भाकरी वाढायच्या.

वहिनी गेल्या त्याला आता वीस वर्षं झाली. तेव्हा खिशातल्या फोनमध्ये आवाज साठवायची पद्धत नव्हती. त्यांचे फोटो होते चार-पाच, तेही लग्नांतले. नंतर चाळ पडली, तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर मध्याला घर मिळालं, आणि मधल्या काळात भाड्याच्या ओल धरलेल्या खोलीत राहिलेल्या कॅसेटींना बुरशी लागली. मी नुकताच कॉम्प्युटरवर आवाज उतरवायला शिकलो होतो. नवशिक्याचा उत्साह, दुसरं काय. "दे सगळी खोकी, नवं करून देतो," मी म्हणालो. मध्याने पाचही खोकी दिली. वर सांगितलं, "टेप बघून चालव रे, तुटेल."

चार महिने मी त्यावर बसलो होतो. आधी माझी शिंक काढली. मग खरखर, भोंगा, पोरं, नळ. ते जमायला लागल्यावर हात आणखी धीट झाला. त्यात एक तोडी होती, मध्याची सगळ्यात लाडकी. विलंबित अजून सुरू व्हायचंय, तबला लागलेला नाही, गायक सुरुवातीच्या आलापातून क्षणभर थांबलेला, नुसता तानपुरा वाजतोय, आणि नेमक्या तिथे वहिनींचा आवाज येतो, "अहो, डबा भरलाय." मी तो आवाज ओळखला होता. हे मला लिहायलाच हवं. ओळखला, जरासा हसलो, आणि तेवढा तुकडा कापला. त्याच्या जागी पुढचा नुसत्या तानपुऱ्याचा तुकडा आणून बसवला. सांधा कुणाला कळू नये म्हणून दोन दिवस खटपट केली. जमला तेव्हा स्वतःवरच खूश होऊन चहा करून प्यायलो. पेनड्राइव्हवर फक्त साफ केलेलं ठेवलं, मधल्या फायली पुसल्या आणि बुरशीच्या कॅसेटी भंगारात दिल्या.

मध्याकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलो त्या दिवशी त्याने पहिली तोडीच लावली. तो खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. त्या जागी आल्यावर त्याने मान किंचित वर केली. मला वाटलं, सफाई जाणवली याला. संपल्यावर तो म्हणाला, "फार स्वच्छ झालंय रे, नंद्या." मग थोड्या वेळाने, "मूळ कॅसेट आहे का तुझ्याकडे?"

"छे, टाकल्या. पार सडल्या होत्या."

"बरं," तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मी त्याच्याकडे जात होतो. तो कधी एक अक्षर बोलला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, सगळं नंद्याने केलंय.

मला कळलं ते मध्याच्या पुण्यानुमोदनाच्या, त्याच्या नावाने घरी वंदना झाली त्या दिवशी. भंतेजी गेले, माणसं पांगली. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. बोलू की नको असं तिचं चाललं होतं. "काका, बाबा त्या कॅसेटमध्ये आईला ऐकायचे," ती म्हणाली. "दर सकाळी. आई बोलून झाली की कधीकधी बंदच करायचे." मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्याने? "काकांना सांगा, असं मी म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, नंद्याला सांगायचं नाही. त्याने चार महिने डोळे फोडलेत."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं मी ज्या घरात जेवलो, त्या घरातल्या बाईचा जगातला शेवटचा आवाज मी कचरा म्हणून काढून टाकला, आणि माझ्या मित्राने तो घाव मला दिसू न देता दोन वर्षं सोसला. मी त्याची माफीसुद्धा मागू शकलो नाही. आता कुणाची मागू?

गेल्या आठवड्यात प्रज्ञाने मला एक कॅसेट आणून दिली. आवराआवरीत सापडली. तिच्यावर मध्याच्या अक्षरात 'तोडी, घरी' एवढंच होतं. तिला वाटलं, एखादी मूळ कॅसेट राहून गेली असेल. मलाही क्षणभर वेडी आशा वाटली. माझा प्लेअर केव्हाच बंद पडला होता, म्हणून शेजाऱ्यांकडून जुना आणला, सकाळीच कॅसेट लावली. ती मूळ कॅसेट नव्हती. माझीच तोडी होती, साफ केलेली. मध्याने ती स्पीकरवर लावून समोर टेपरेकॉर्डर ठेवला होता, पूर्वी रेडिओपुढे ठेवायचा तसा. तोडीच्या मागे पंखा फिरत होता. कुठल्यातरी मजल्यावर ड्रिल चाललं होतं. कुकरची शिट्टी झाली. "बाबा, निघते," असं प्रज्ञा म्हणाली, दार लागलं. त्यानंतर घरात मध्या एकटाच असणार, त्याचं खाकरणं ऐकू आलं. गायक आलाप घेत घेत थांबला आणि मी जोडलेला तो तानपुरा सुरू झाला. त्या तानपुऱ्यावर मध्याचा आवाज आला, अगदी रोजचा, आतल्या माणसाला ऐकू जाईल इतपत.

"आलो गं."