कोपराचं टोक

रोज सकाळी गाडीवर भाजी मांडण्याआधी कौसाबाई उजवा तळहात घराच्या भिंतीला टेकवायची आणि कोपर सरळ करायला बघायची. भिंतीवर त्या जागी तुकतुकीत डाग पडला होता. भिंत तिला उमाकांतची छाती वाटायची.

उमाकांत तिचा धाकटा दीर. नंदुरबारच्या स्टँडसमोर, निंबाखाली, तिचा नवरा भाजीची लोटगाडी लावायचा. तो वारल्यावर ती लावू लागली. त्या सावलीवर दिराचा डोळा होता. एका सकाळी त्यानं तिला ढकललं. ती कोपरावर पडली. दवाखान्यातून परतली तेव्हा निंबाखाली त्याची गाडी उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला होता. “मावशी, हाडांचे उंचवटे उगाच नसतात. दंडामागचा स्नायू कोपराच्या या टोकाला धरून हात सरळ करतो. टोकच तुटलं, म्हणून ओढता येईल, लोटता येणार नाही. तार घालू. पुढं हात तुम्हालाच चालवावा लागेल. पूर्ण सरळ झाला की हे टोक दंडाच्या हाडातल्या खळग्यात बसतं, मग हात खांबासारखा ठाम.”

“आन् कानामांगला हाऊ टेंगूळ?” कौसाबाईनं कानामागचं हाड चाचपत विचारलं.

“तिथं मान वळवणारा स्नायू असतो.”

तो शाबूत होता. उमाकांत दिसला की कौसाबाई मान वळवायची.

तार बसली, पण हात वाकडाच राहिला. लोटगाडी लोटता येईना, म्हणून तिनं दोर बांधून ती निंबापुढून उन्हात ओढत नेली. पाठीमागून उमाकांत ओरडला, “काय वं वयनी, बैल इकी टाका का?” सगळा नाका हसला. केळीवाला जहीर तेवढा हसला नाही. पण त्यानं मानही वर केली नाही.

“माय, पोलिसात जाऊत,” लेक प्रतिभा म्हणाली.

“नको. जो हात त्यानी मोडा, त्याच हातवरी फेडसू.”

मिरचीचा हंगाम आला, तिचा ठसका आणणारा खकाणा हवेत भरला, सरला. भिंत तिथंच होती. मग एका सकाळी रेटता रेटता कोपरात काहीतरी बसल्यासारखं झालं. हात सरळ. तिनं तो वाकवला, परत सरळ केला. दोर खुंटीलाच राहू दिला.

निंबाखाली उमाकांतची गाडी टमाट्यांनी भरलेली होती. तो समोर चहा पीत होता. तिनं चाकाखालचा दगड पायानं सरकवला, उजवा तळहात फळीला लावला आणि रेटलं. गाडी उतारानं गेली ती थेट गटारीत.

“वयनी! हाई काय करं?” पेला हातात घेऊनच तो धावत आला.

“लोटी दिधी.”

कोपर ठणकत होतं. तिनं चेहऱ्यावर ते येऊ दिलं नाही. आपली गाडी सावलीत घेतली, तोच दगड चाकाखाली लावला. पहिलं गिऱ्हाईक पिशवी उघडत उभं राहिलं.

“काय दिऊ माय? वांगा भलता कवळा शेतस. टमाटा नही मन्हाकडे.”