महासंगणकाचा पुरस्कार आणि शेजारच्या काकू

वडिलांना लकवा मारला तेव्हा मी पुण्यात महासंगणकावर काम करत होते. वादळाचा अंदाज काढणारा आमचा प्रोग्रॅम इतका सावकाश चाले, की उत्तर हाती येईपर्यंत वादळ येऊन गेलेलं असे. ते काम हजारो प्रोसेसरांना वाटून देऊन उत्तर वेळेत मिळवायचं, ही आमच्या चमूची खटपट. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. तेव्हा बुऱ्हाणपूरला वडिलांकडे आले आणि घरूनच काम करू लागले.

उन्हाळ्यात वारा सुटला की लाइट जायची. शेजारच्या काकूंचं केळी पिकवायचं चेंबर होतं, तिथे जनरेटर. मला बंद लॅपटॉपपुढे बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "तुझी मशीन तर पुण्यात आहे ना? मग तुझं काउन अडलं?"

"मशीन चालू आहे, काकू. तिच्यापर्यंत मला पोचता येत नाही."

"मग चेंबरच्या ऑफिसात बस. भाऊंपाशी मी बसते." वडिलांना त्या भाऊ म्हणत.

तेव्हापासून दुपारी मी चेंबरमध्ये आणि काकू वडिलांजवळ. त्या त्यांना पेज भरवत, हात चोळून देत आणि मंडीतले भाव सांगून त्यांना बोलतं करू पाहत. एकदा त्यांनी केळीचा भाव मुद्दामच चढवून सांगितला. वडील म्हणाले, "खोटं." आजारानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. काकू हसत हसत मला बोलवायला धावत आल्या.

पुढे प्रोग्रॅम हवा तसा पळू लागला आणि आमच्या चमूला महासंगणनातला मोठा पुरस्कार जाहीर झाला. प्रमुखांचा फोन आला, "अडलेला भाग तू सोडवलास. स्टेजवर तूच जा." काकूंनी घर सांभाळलं, म्हणून जाता आलं. भाषणात मी सोबत्यांचे आभार मानले, मग काकूंचे. केळीच्या चेंबरचं ऐकून सभागृहात हशा पिकला. पण वडिलांबद्दल सांगितल्यावर लोक कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले.

परतल्यावर माझ्या वाट्याचं मानचिन्ह मी काकूंच्या हातात ठेवलं.

त्या संकोचल्या. "लोक विचारतील बेटा, तुम्ही काय केलं. काय सांगू?"

खाटेवरून वडील एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सांगा, वहिनी... पोरीला काम करू दिलं."

काकूंनी मानचिन्ह पदरात धरलं. मग त्या वडिलांजवळ जाऊन बसल्या. आता ते मानचिन्ह त्यांच्या घरी टीव्हीशेजारी आहे, आणि ते तिथे आहे याचं मला फार बरं वाटतं.