कुंकवाचा ठिपका

नाग निघाला म्हणून बोलावलेला सर्पमित्र खिशातून कुंकवाची डबी काढतो, हे तुम्ही कुठं पाहिलंय? कात्रपला आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे भाऊ काढायचे.

शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात मजुरांनी नागीण मारली. तिच्याखाली अंडी होती. भाऊंनी प्रत्येक अंड्यावर बोटानं ठिपका लावला, मगच ते उचललं. गर्दीतल्या एका काकूंनी हात जोडले.

"भाऊ, नारळ आणू का?"

"पूजा नाही हो काकू. ही वरची बाजू. उलटलं की आतलं पिल्लू मरतं."

"मग पेनानं खूण करा की!"

"टोचतं. साल मऊ असते."

डबीवर त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव कोरलेलं होतं.

वनखात्याला कळवून त्यांनी अंडी नारळाच्या ओलसर भुशात, डब्यात ठेवली. पण त्यांच्या घरावर थेट गच्ची. शुक्रवारी वीज गेली आणि माझ्या थर्मामीटरनं त्यांच्या खोलीत अडतीस अंश दाखवले.

"शिजतील हो ती," भाऊ म्हणाले.

आमची तळमजल्यावरची मागची खोली एकतीसच्या वर जात नाही. मी आकडा सांगितला. काठोकाठ भरलेलं ताट आणावं तसा त्यांनी डबा खाली आणला.

"घरात नाग?" माझी बायको म्हणाली.

"वहिनी, अजून अंडीच आहेत."

"आणि फुटली म्हणजे?"

"हात लावू नका, पिल्लालाही विष असतं. जिन्यातून हाक मारा, मी येतो."

दुपारी ते डब्याशेजारी फरशीवर बसत. पडद्यातून बाहेरच्या जांभळाच्या झाडाचा हिरवा उजेड येई, झाकणाच्या आत थेंब घरंगळत. सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटे.

"काही ऐकू येतं का?" मी विचारी.

"नाही. वाढताना आवाज होत नाही."

मग एके दिवशी भाऊ अंबरनाथच्या कारखान्यातून परतलेच नाहीत. कामावरच त्यांचं हृदय थांबलं. डबा आमच्याकडेच राहिला. तो हलवा असं बायको एकदाही म्हणाली नाही.

पावसाळी सकाळी एका ठिपक्याशेजारी साल चिरली. ओलं, इवलंसं डोकं बाहेर आलं. थोड्या वेळानं त्यानं बोटाएवढा फणा काढला. बायको धावत जिन्यात गेली.

"भावजी, आली हो पि..."

वरून कुणी उतरलं नाही. ती कठडा धरून उभी राहिली. मी वनखात्याला फोन केला.

त्यांचा माणूस पिल्लं जंगलात सोडायला घेऊन गेला. भुशात रिकामी टरफलं उरली. सगळ्यांवरचे ठिपके अजून वरच होते.