सातवी नोटीस

आंबेखोलच्या पंचायतीत मी सचिव म्हणून तीन वर्षं काढली. त्याआधी चार पंचायती झाल्या होत्या, नंतर दोन झाल्या. सगळीकडे भिंतीचा रंग तोच, कपाटं तीच आणि भांडणंही तीच. कुणाचा माड कुणाच्या कौलांवर वाकलाय, कुणाचं सांडपाणी कुणाच्या विहिरीकडे जातंय, कुणी परवाना न घेता दुकानाला शटर बसवलंय. बदली झाली की हे सगळं मी विसरून जातो, आणि विसरतो म्हणूनच नोकरी निभावली. सुमंगला गावस मात्र विसरली जात नाही. ती आठवली की मला माझाच राग येतो.

सुमंगला पंचायतीची शिपाई. म्हणजे गावाच्या दृष्टीने शिपाई. कागदावर ती अठरा वर्षं रोजंदारीवरची मदतनीसच होती. साडेआठला येऊन कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, ग्रामसभेला खुर्च्या मांडायच्या, सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या तर त्या परत जागेवर ठेवायच्या. कुठलं घर घरपट्टीच्या वहीत कुठल्या पानावर आहे ते तिला पाठ होतं. नवा सचिव आला की त्याला गाव समजावून सांगण्याचं कामही तिचंच. मला तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कुठल्या पंचाला कुठल्या पंचाशेजारी बसवायचं नाही. मी ऐकलं नाही आणि पहिल्याच बैठकीत त्याचं फळ मिळालं.

पण तिचं खरं काम नोटिसा पोचवणं. आमच्या गावांतून माणूस नोटिशीला घाबरत नाही, लाजतो. हातात मिळालेला कागद घरातल्या कपाटात जातो. दारावर डकवलेला कागद पाव घेऊन येणाऱ्या पोदेरापासून दूधवाल्यापर्यंत सगळे वाचतात. नियम सांगतो की माणूस सापडला नाही किंवा कागद घेईना, तर दोन साक्षीदारांसमोर दारावर चिकटवावा, पंचनामा करावा आणि मोकळं व्हावं. सुमंगलाने अठरा वर्षांत एकही नोटीस दारावर चिकटवली नव्हती. ती दुसऱ्यांदा जायची, तिसऱ्यांदा जायची. काजूच्या डोंगरावर चढून जायची, दारूच्या तावेर्नात शिरून बाकावरून माणसाला उठवून बाहेर आणायची. एकदा तर एकाला गाठायला ती बस धरून वाळपईच्या बाजारात गेली आणि केळी विकणाऱ्या त्या गृहस्थाची घडांच्या ढिगामागे सही घेऊन आली. कार्यालयातली गोंदाची बाटली वाळून दगड झाली होती. तिची कधी गरजच पडली नाही. गावालाही हे ठाऊक होतं, आणि सुमंगला आली की लोक मुकाट्याने सही करत.

तिचा नवरा रघुनाथ सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि तो मिळेल त्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. मुलगी सुविधा कॉलेजात. घराचा सगळा डोलारा सुमंगलाच्या रोजंदारीवर, आणि रोजंदारीचा भरवसा पुढच्या सरपंचाच्या मर्जीएवढाच. ती कायम व्हावी असं प्रत्येक सरपंच म्हणायचा. म्हणायला काय जातं? पण पद मंजूर नव्हतं. ते मंजूर झालं मी तिथे असतानाच्या तिसऱ्या वर्षी. आता पंचायतीने ठराव करून तिचं नाव पाठवायचं, एवढंच उरलं होतं. अट एकच: ठराव होईल त्या दिवशी उमेदवाराचं वय पंचेचाळीसच्या आत हवं. सुमंगलाला पंचेचाळीस पूर्ण व्हायला तेव्हा अडीच महिने होते.

अडीच महिन्यांत पाच बैठका होतात. सरपंच गोकुळदासभाई पहिल्या बैठकीला म्हणाले, पुढच्या वेळी घेऊ. दुसऱ्या बैठकीला रस्त्याच्या हॉटमिक्स डांबरीकरणावरून भांडण झालं. तिसरी आणि चौथी अशाच गेल्या. गोकुळदासभाई मनाने वाईट नव्हते. पण कुणाचं काम करायचं असलं तर ते शेवटच्या दिवशी करावं, म्हणजे उपकार लक्षात राहतो, अशी त्यांची पद्धत होती. पाचवी बैठक शुक्रवारी होती आणि तिचा वाढदिवस त्यापुढच्या मंगळवारी. विषयपत्रिकेवर तिचा ठराव मी पहिला घातला. मलाही वाटलं, झालं काम.

आणि नेमका अविश्वास ठराव आला.

त्याची हकीकत अशी. निवडणुकीनंतर सातांपैकी पाच पंचांनी देवळात जाऊन नारळावर हात ठेवला होता की सरपंचपद वाटून घ्यायचं, प्रत्येकाला बारा महिने. गोकुळदासभाईंचे बारा महिने संपले, अठरा झाले, तरी खुर्ची सुटेना. पुढची पाळी गौरेशची. तो तरुण, हॉटेलांना भाज्या पुरवणारा, आणि नारळाची आठवण करून करून थकलेला. शेवटी त्याने चार सह्या जमवल्या आणि तालुक्याला अर्ज दिला. गटविकास अधिकाऱ्यांनी पाचव्या बैठकीच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी अकरा वाजता खास सभा लावली आणि सात पंचांच्या सात नोटिसा त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मेजावर येऊन पडल्या. सभेआधी मधले तीन दिवस पूर्ण मिळाले पाहिजेत. म्हणजे रविवार हा शेवटचा दिवस. एकाला जरी सोमवारी मिळाली तरी सभा बाद, पुन्हा नव्याने सगळं.

सभा बाद झाली तर गोकुळदासभाई शुक्रवारी सरपंच राहणार आणि सुमंगलाचा ठराव होणार. सभा झाली तर ते जाणार, आणि नवा सरपंच निवडून येईपर्यंत शुक्रवारची बैठक काही भरत नाही. हे मला कळलं, तिलाही कळलं. ती समोर उभी राहून पाकिटांवरची नावं वहीत उतरवून घेत होती.

मी तिला म्हणालो, शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं, तू घरी बस, सोमवारी सुरुवात कर. सुट्टीच्या दिवशी काम केलं नाही म्हणून तुला कुणी विचारू शकत नाही. मला वाटलं, मी मोठा उदार माणूस.

ती म्हणाली, "सर, ह्या तुमी माका लिवन देशात?"

लिहून द्यायला काय मी खुळा होतो? मी फाईल उघडली आणि वाचत बसल्यासारखं केलं. तिने नोटिसा पिशवीत घातल्या.

शनिवारी दुपारपर्यंत सहा जणांच्या सह्या झाल्या. सातवी नोटीस खुद्द सरपंचांची. तेही पंचच, त्यांनाही ती मिळायला हवी. शनिवारी ते सापडले नाहीत. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी मोकळा, सुमंगलाच्या ठरावाची तयारी झाली ना, एवढंच विचारलं. मग म्हणाले, आपण रविवारी म्हापशाला जाणार आहोत, रात्री येऊ. आणि सुमंगल काही कुणाच्या दारावर चिकटवत नाही, मोठी गुणाची बाई. यापलीकडे ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजच नव्हती. तिने आपली रोजची रीत पाळली की बस्स, नोकरी तिची.

रविवारी ती तीनदा गेली. पुढचं मी तिच्याकडून आणि साक्षीदारांकडून ऐकलेलं आहे. सकाळी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. दुपारी कुलूप. चारला गेली तेव्हाही कुलूप, पण आत कुकरची शिट्टी झाली. गोकुळदासभाई बायकोला आत ठेवून बाहेरून कुलूप घालून गेले होते. मागचं दार उघडंच. सरकारी कामात असली नाटकं मी पुष्कळ पाहिली, पण सरपंचाने स्वतःच्या घराला कुलूप घालून बायकोला आत स्वयंपाक करायला लावलं, हे तेवढं एकदाच.

सुमंगलाने हाक मारली. सरपंचांच्या पत्नी पद्मावतीवयनी जनेलापाशी, खिडकीच्या गजांपाशी आल्या. या बाईंनी सुमंगलाला गणपतीच्या चवथीला कधी रिकामी पाठवली नव्हती. सुविधाच्या दहावीच्या वेळी आपल्या मुलीची, सिद्धीची, सगळी पुस्तकं त्यांनी घरी आणून दिली होती. सुमंगला म्हणाली, घरातल्या मोठ्या माणसाची सही चालते, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, घेऊ नको म्हणून सांगून गेलेत. मग गजांना धरून हळू आवाजात म्हणाल्या, "सुमंगल, दारार नको गो. राती सिद्धीक बघूक येतत."

सुमंगला पायरीवर बसली. किती वेळ, ते तिने मला सांगितलं नाही. शेजारच्या घराच्या कुंपणाची भिंत बांधणारा आनंदा म्हणाला, चांगला अर्धा तास. आनंदा कोल्हापूरकडचा गवंडी, बायको मंगल त्याच्याच हाताखाली. त्याला वाटलं, बाईला चक्कर आली असावी, म्हणून मंगल पाणी घेऊन गेली.

पाणी पिऊन सुमंगला उठली आणि साक्षीदार शोधायला लागली. शेजारचे म्हणाले, आमचे हात ओले आहेत. पलीकडच्याला चष्मा सापडेना. सरपंच उद्या राहिला तर काय, हा हिशेब प्रत्येकाने उभ्या उभ्या करून टाकला. शेवटी ती आनंदाकडे आली आणि कागदात काय आहे, सही केल्याने काय होईल, सगळं नीट सांगितलं. त्याने विचारलं, यात तुमचा काही फायदा आहे का बाई? ती म्हणाली, नाही, तोटा आहे. मग करतो, म्हणाला. त्याने आणि मंगलने सह्या केल्या.

गोंदाची नवी ट्यूब तिने सकाळीच दुकानातून घेऊन ठेवली होती. म्हणजे मनात सकाळीच तयारी होती, आणि तरी ती चार वाजेपर्यंत हातात द्यायला बघत होती. तिने कागद दाराच्या मधोमध लावला, चारही कोपरे दाबले, वहीत वेळ लिहिली, चार पंचेचाळीस. मग जनेलाकडे जाऊन म्हणाली, "वयनी, पंचनामा झालो. आता कागद तुमचो. काढलास तरी माझी हरकत नाय."

पद्मावतीवयनी मागच्या दाराने वळसा घालून आल्या आणि तो खरवडून काढला. पाहुणे यायच्या आत दार पुसलंही. पण गावाला कळायचं ते कळलंच.

गुरुवारी सभा झाली. चार विरुद्ध तीन. गोकुळदासभाई पायउतार झाले आणि जाताना माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. शुक्रवारच्या बैठकीला तीनच पंच आले, गणपूर्ती झाली नाही. मंगळवारी सुमंगला पंचेचाळीस वर्षांची झाली. त्या दिवशीही ती साडेआठला आली आणि झाडून घेतलं.

गावाने तिला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. ज्याने हिचं भलं करायचं ठरवलं होतं, त्याच्याच दारावर ही कागद चिकटवून आली. काहींचं म्हणणं, गौरेशने कबूल केलं असणार काहीतरी. गौरेशने काही कबूल केलं नव्हतं. त्याला तर ती नोटीस पोचेल अशी आशाही नव्हती. तो सरपंच झाला आणि पहिल्याच बैठकीत, वाढदिवसानंतर नऊ दिवसांनी, तिचा ठराव एकमताने मंजूर केला. टाळ्याही वाजल्या. मी वय लिहिलं आणि पुढे पाठवून दिलं. नऊ दिवस म्हणजे काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी प्रत्येकाला माहीत होतं.

त्याच आठवड्यात गौरेशने मला बाजूला घेऊन सांगितलं की पंचांच्या नोटिसा यापुढे दुसऱ्या कुणाकडून पाठवत जा. मी कारण विचारलं. तो थोडा ओशाळला, पण बोलला खरं. म्हणाला, "सर, आमची दिली तिने वेळेवर. उद्या आमच्याविरुद्धचीही देतली ना?"

एका दुपारी कार्यालयात आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी तिला विचारलं. रीत मोडली नसती तरी कुणी बोट दाखवलं नसतं, मग का? ती रबरी शिक्के पुसत होती. म्हणाली, "त्या दिसा नाय चिकटवला असता ना सर, तर अठरा वर्सां नाय चिकटवला तां सगळा माझ्या नोकरेखातर केल्यासारखा झाला असता."

मी माझ्या नोकरीत केलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टी एकेक करून आठवून पाहिल्या. फार वेळ लागला नाही.

पणजीहून उत्तर यायला चार महिने लागले. एका ओळीचं होतं: वयोमर्यादा ओलांडल्याने विचार करता येत नाही, उमेदवारास लेखी कळवून पोच पाठवावी. टपाल तीच आणायची, पाकीट तिनेच माझ्या मेजावर ठेवलं. ते मी ड्रॉवरमध्ये सारलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती चहा आणायची, मी वर बघायचो नाही. एकदा वाटलं, ती जेवायला गेली की तिच्या टेबलावर ठेवून द्यावं. समोर उभं राहून हातात द्यायची माझी छाती होत नव्हती.

पाचव्या दिवशी तिने नोटिसांच्या पोचेची वही आणून माझ्यासमोर उघडली. तारीख घातलेली होती, तिचं स्वतःचं नाव घातलेलं होतं, विषयही.

"सर," ती म्हणाली, "तो कागद द्या. पोच धाडूची आसा."

मी ड्रॉवर उघडला. तिने कागद घेतला, पूर्ण वाचला, सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली.