मेक्सिकोतून मुलाला परत आणायला गेले तेव्हा

"आई, करार बढ़ा रहे हैं. और तीन साल," सुमितचा फोन आला आणि माझी तव्यावरची पोळी जळाली. तीन वर्षं आधीच झाली होती तिथल्या कारखान्यात. सही करायला महिना होता. ह्यांना म्हटलं, "मी जाते आन् घेऊन येते त्याले." हे हसले. "मेक्सिको आहे ते, भिलाई नाही." हसा म्हटलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: व्हिसासाठी दिल्लीची फेरी करावी लागते, रायपूरहून दिल्ली आणि मग युरोपातून पुढे असा दीड दिवस जातो, आणि तिकीट लाखाच्या वर. सुमितच्या घरमालकिणीसाठी पंडरीच्या कापडबाजारातून एक साडी घेतली. ती नेसणार कशी, हा विचार विमानात सुचला.

मेक्सिको सिटीत सुमितनं आधी देवीला नेलं. येशूची आई, पण सगळा देश तिला स्वतःची आई मानतो. आणि तिच्या तसबिरीखाली काय असावं? सरकता पट्टा! विमानतळावर असतो तसा. उभं राहायचं, वर बघायचं, पट्टा पुढे नेऊन सोडतो. आपल्याकडच्या डोंगरगडच्या देवीला जायच्या रोपवेला मी आता नावं ठेवणार नाही. एक बाई लेकरू कडेवर घेऊन चार वेळा पट्ट्यावरून गेली.

तिथून बसनं तीन तासांवर सुमितचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. बस आपल्या इथल्या एसी गाड्यांपेक्षा छान आहे. शाकाहाऱ्यांनी "चरबी नको" एवढं तरी स्पॅनिशमध्ये शिकून जावं, कारण तिकडे घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी घालतात. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी दोनदा मागून घेतली होती.

घरमालकीण तेरेसाबाई माझ्याच वयाची. सुमित तिला चक्क आई म्हणत होता, त्यांच्या भाषेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात रोज सकाळी तो कामावर निघाला की ती त्याला दारात उभं करायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. डोक्यापासून बुटांपर्यंत.

"हे काय नाटक आहे रे? फोटो काहून काढते ही तुझे?"

"छोड़ ना आई. काढू दे."

दहा मे हा तिथला मातृदिन. गल्लीत बँड, हॉटेलांपुढे रांगा, प्रत्येकाच्या हातात फुलं. मला वाटलं, तेरेसाबाईही नटेल. ती पांढरा सदरा घालून निघाली, छातीवर एका पोराचा फोटो छापलेला. आम्हीही मागे गेलो. चौकात तशा शंभरेक बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या छातीवर एक चेहरा. ही सगळी गायब झालेली मुलं. मेलेली नव्हे, गायब! सुमित हळू आवाजात सांगत गेला. या बाया रविवारी लोखंडी सळया घेऊन माळावर जातात. सळई जमिनीत ठोकतात, उपसतात आणि खाली पुरलेल्या मढ्याचा वास येतो का, म्हणून तिचं टोक हुंगून बघतात. आया, स्वतःच्या लेकरांसाठी! मी तिथंच फुटपाथवर बसले.

तेरेसाबाईचा लुईस सात वर्षांपूर्वी सकाळी "येतो" म्हणून गेला. ती ओट्याशी पोळ्या करत होती, वळलीसुद्धा नाही. पोलिसांनी विचारलं, अंगावर कोणते कपडे होते? तिला सांगता आलं नाही. म्हणून ते रोजचे फोटो. सुमित राहतो ती खोली लुईसची.

आणि मी काय केलं? तिला धीर द्यायचं सोडून घरी येताच सुमितवर ओरडले. "असल्या देशात राहतोस? आजच्या आज नाही म्हणून सांग कंपनीले!"

"आई, मी गेलो तर तिचं काय?"

"मले नको सांगू! तुझी माय मी आहे."

भांडण मराठीत चाललं होतं. तेरेसाबाई दारात उभी होती. तिला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. ती आत गेली. सकाळी उठून पाहते तर सुमितचे सगळे शर्ट इस्त्री करून त्याच्या बॅगेत रचलेले. तो रडवेला होऊन तिच्याशी वाद घालत होता. ती एकच वाक्य म्हणत राहिली. मी अर्थ विचारला.

"म्हणते, आई न्यायला आली आहे, जा."

त्यानं सही केली नाही. उरलेलं काम संपवून महिन्याभरात रायपूरला आला. स्टेशनवर नाही, विमानतळावर अख्खं घर गेलं होतं घ्यायला. शेजारच्या मुली "काकी, आप तो ले ही आईं!" म्हणून गळ्यात पडल्या. हेही खूश. "मानलं तुले. आणलंसच पोट्ट्याले."

खर्च किती, व्हिसा कसा, हे सगळे विचारतात आणि मी सांगते. पण ह्यांना त्या दिवशी खरं ते सांगून टाकलं. मी कुठं आणलं त्याला? तिनं दिला. तिच्या जागी मी असते, तर दिला नसता.